नवरा-बायको, जुनं घर, नवं घर आणि इंग्लंडची स्टॅम्प ड्यूटी: ५ टक्के जादा कर कधी लागतो, कधी टळतो, कधी परत मिळतो

कोयनाकाठ

इंग्लंडमध्ये घर बदलणाऱ्या जोडप्यांचे प्रश्न इथे वेगवेगळ्या धाग्यांवर विखुरले आहेत, आणि बऱ्याच ठिकाणी जुने दर तसेच राहिलेत. सगळं एका जागी असावं म्हणून हा धागा. लग्न झालेलं जोडपं राहतं घर बदलतंय, तर एसडीएलटी (स्टॅम्प ड्यूटी लँड टॅक्स, घरखरेदीवरचा कर) किती बसते, एवढाच विषय. नियम इंग्लंड आणि नॉर्दर्न आयर्लंडचे. स्कॉटलंड आणि वेल्सचे कर वेगळे आहेत, तिथले हिशेब यात मिसळू नयेत.

आधी दर. १ एप्रिल २०२५ पासून साधे दर असे आहेत: पहिल्या १,२५,००० पाउंडांवर शून्य, तिथून २,५०,००० पर्यंतच्या रकमेवर २ टक्के, तिथून ९,२५,००० पर्यंत ५ टक्के, तिथून १५ लाखांपर्यंत १० टक्के, त्यावर १२ टक्के. घर 'अतिरिक्त' ठरलं की प्रत्येक टप्प्यात ५ टक्के वाढतात, म्हणजे अगदी पहिल्या पाउंडापासून कर सुरू होतो. हा जादा कर एप्रिल २०१६ मध्ये ३ टक्क्यांनी सुरू झाला आणि ३१ ऑक्टोबर २०२४ पासून ५ टक्के झाला. जुन्या लेखांत ३ टक्के दिसले तर तो हिशेब आता चालणार नाही.

४,५०,००० पाउंडांचं घर घ्या. साधा कर: २,५०० अधिक १०,०००, म्हणजे १२,५००. जादा कर लागला तर त्यात ४,५०,००० चे ५ टक्के, म्हणजे २२,५०० वाढून ३५,०००. ६,००,००० च्या घराला हेच आकडे २०,००० आणि ५०,००० होतात. अनेकांच्या ठेवीच्या (डिपॉझिट, म्हणजे घरासाठी स्वतःच्या खिशातून भरायची रक्कम) जवळपास जाणारी ही रक्कम आहे, म्हणून ऑफर देण्याआधीच हिशेब करून ठेवावा.

आता मुख्य मुद्दा. एकत्र राहणाऱ्या नवरा-बायकोला हा कायदा एकच खरेदीदार धरतो. घर एकाच्याच नावावर घेतलं तरी दुसऱ्याच्या नावावर काय आहे ते मोजलं जातं. त्यामुळे प्रत्येक प्रश्न दोघांसाठी वेगवेगळा विचारायचा. दोघांपैकी एकाचं उत्तर जरी 'लागतो' आलं, तरी जादा कर पूर्ण किमतीवर बसतो, अर्ध्या हिश्श्यावर नाही.

विचारायचे प्रश्न दोनच. पहिला: कम्प्लिशनच्या (व्यवहार पूर्ण होऊन घर ताब्यात येण्याच्या) दिवसाच्या अखेरीस, दिवस संपताना, नवं घर सोडून दोघांपैकी कोणाच्याही नावावर जगात कुठेही ४०,००० पाउंड किंवा त्याहून जास्त किमतीचं घर किंवा घरातला हिस्सा आहे का? नसेल तर विषय संपला, साधे दर. असेल तर दुसरा प्रश्न: हे घर आधीच्या राहत्या घराच्या बदल्यात घेतलं जातंय का?

'बदल्यात' ठरायला चार गोष्टी जुळाव्या लागतात. एक, नव्या घरात स्वतः राहण्याचा इरादा हवा. दोन, मागच्या तीन वर्षांत तुम्ही, किंवा त्या विक्रीच्या वेळी जो तुमचा जोडीदार होता त्याने, एक घर विकलेलं हवं, आणि विक्रीनंतर दोघांपैकी कोणाचाही त्यात हिस्सा उरलेला नसावा. तीन, त्याच तीन वर्षांत कधीतरी ते विकलेलं घर तुमचं स्वतःचं मुख्य राहतं घर असायला हवं. चार, मधल्या काळात दुसरं एखादं घर राहण्यासाठी म्हणून घेतलेलं नसावं. एक विक्री एकदाच वापरता येते.

तिसरी अट पुन्हा वाचा. लग्नाच्या जोडप्यांचा घोळ बहुतेक वेळा तिथेच होतो. त्याबद्दल खाली लिहितो.

---

मोगरा१२

चांगला धागा. दोन शंका आहेत.

१) जुन्या घराची विक्री आणि नव्याची खरेदी एकाच दिवशी असेल, आणि पैसे पोचायला उशीर होऊन आधी नव्याचं कम्प्लिशन झालं, तर?

२) घर विकून चार वर्षं भाड्याने राहिले आणि मग घेतलं, तर तीन वर्षांची मुदत गेली म्हणून जादा कर लागणार का?

---

कोयनाकाठ

१) दिवसाच्या अखेरीस काय आहे तेवढंच बघतात. सकाळी घेतलं आणि दुपारी विकलं तरी चालतं. दोन्ही व्यवहारांची तारीख एक असली की झालं. फक्त एक जपा. कम्प्लिशनआधीच किल्ल्या घेऊन राहायला गेलात, किंवा जवळपास सगळी किंमत आधी देऊन टाकलीत, तर कायद्याच्या दृष्टीने व्यवहार त्याच दिवशी झाला असं धरतात. 'सामान ठेवायला म्हणून आठवडाभर आधी किल्ली' हा प्रकार इथे महागात पडतो.

२) नाही. पहिल्या प्रश्नाचं उत्तर 'दुसरं घर नाही' असं असेल तर तीन वर्षांचा संबंधच येत नाही. तीन वर्षं मोजायची ती दुसरं एखादं घर हातात असेल तेव्हाच, म्हणजे राहतं घर विकलं पण भाड्याने दिलेला फ्लॅट ठेवला, अशा वेळी.

---

तिरकी_रेघ

लग्नाच्या जोडप्यांचा घोळ मी उलगडतो. रोजच्या कामात हेच सर्वांत जास्त वेळा चुकलेलं दिसतं.

अमितचं स्लाऊमध्ये घर आहे, तो तिथे राहतो. बिनाचा लीड्समध्ये फ्लॅट आहे, ती तिथे राहते. (दोन्ही नावं उदाहरणापुरती.) लग्न झालं. अमित स्लाऊचं घर विकतो, बिना फ्लॅट भाड्याने देऊन ठेवते, आणि दोघे मिळून रेडिंगला घर घेतात. सगळ्यांना वाटतं, 'राहतं घर विकून राहतं घर घेतलं, जादा कर कसला?'

अमितपुरतं ते बरोबर आहे. बिनासाठी तपासा. तिच्याकडे लीड्सचा फ्लॅट आहे, म्हणजे पहिल्या प्रश्नाला 'हो'. बदल्यात घेतलं का? नवऱ्याने विकलेलं घर तिच्यासाठीही मोजता येतं, पण दोन अटींवर. विक्रीच्या तारखेला लग्न झालेलं हवं, आणि ते घर मागच्या तीन वर्षांत तिचंही मुख्य राहतं घर असायला हवं. ती स्लाऊला कधी राहिलीच नसेल तर अट मोडली, आणि पूर्ण किमतीवर ५ टक्के लागले.

हेच काम क्रम बदलून केलं तर? लग्न आधी. बिना खरोखर स्लाऊला राहायला येते. सगळा पत्ता तिकडचा: कौन्सिल टॅक्सवर नाव, मतदार यादी, जीपीकडची (फॅमिली डॉक्टरकडची) नोंदणी, बँक, ड्रायव्हिंग लायसन्स, नोकरीच्या ठिकाणचा पत्ता. मग स्लाऊची विक्री आणि रेडिंगची खरेदी. आता दोघांच्याही अटी जुळल्या. लीड्सचा फ्लॅट तसाच राहिला तरी जादा कर नाही.

किमान किती दिवस राहावं असा आकडा कायद्यात नाही. राहणं खरं होतं का, आयुष्य तिथून चालत होतं का, हे बघतात. दोन सुटकेसेस घेऊन पंधरा दिवस काढले आणि नोकरी, डॉक्टर, पत्रव्यवहार सगळं लीड्सलाच राहिलं, तर ते टिकणार नाही. कागदांसाठी राहणं दाखवू नका, चौकशी झालीच तर फार वाईट दिसतं.

---

अबोली

आणि लग्नाआधीच घेतलं तर? अजून दोघांची लग्नाची तारीख ठरायची आहे असं समजा.

---

तिरकी_रेघ

लग्नाआधी दोघांच्या नावावर घेतलं तर सुटका नाही. संयुक्त खरेदीत प्रत्येक खरेदीदार तपासला जातो. बिना खरेदीदार आहे, तिच्याकडे फ्लॅट आहे आणि तिने काही विकलेलं नाही. जादा कर.

लग्नाआधी अमितने एकट्याने घेतलं तर त्याच्याकडे दिवसाअखेरीस एकच घर उरतं. साधे दर. पुढच्या महिन्यात लग्न झालं तरी झालेल्या व्यवहाराचा कर बदलत नाही, तपासणी कम्प्लिशनच्या दिवसाचीच असते. पण हे खरोखर एकट्याचं घर असायला हवं. बिनाने ठेवीत पैसे घातले आणि 'अर्धं माझंच' असं दोघांचं ठरलेलं असेल, तर कागदावर नाव नसलं तरी तिचा हिस्सा आहे असं धरता येतं, आणि मग ती खरेदीदारच ठरते. पैसे द्यायचे तर परत न मागण्याची निखळ भेट म्हणून द्यावेत आणि तसं लेखी असावं. मॉर्गेज देणारी बँक असलं पत्र बहुतेक मागतेच.

यात बिनाच्या डोक्यावर छप्पर असेल पण हक्क नसेल. कर वाचवायला म्हणून ही गोष्ट दुर्लक्षू नये. तिने स्वतःचा वेगळा सॉलिसिटर (वकील) जरूर बघावा.

---

ढगाआड

नवरा कामासाठी पुण्यात आणि बायको मँचेस्टरला, असं असेल तर दोघं 'एकत्र राहत नाहीत' असं म्हणता येईल का?

---

कोयनाकाठ

नाही. 'एकत्र राहणारे' याचा अर्थ एका छपराखाली असा नाही. कोर्टाच्या हुकुमाने किंवा विभक्त होण्याच्या रीतसर करारपत्राने वेगळे झालेले, किंवा प्रत्यक्षात कायमचे वेगळे झालेले, एवढेच यातून बाहेर पडतात. नोकरी, व्हिसा, मुलांची शाळा, आईवडिलांचं आजारपण या कारणांनी दोन देशांत असलेलं जोडपं एकत्रच धरलं जातं.

---

खडीसाखर

भारतातल्या घरांबद्दल वेगळं लिहिते. मराठी जोडप्यांना खरा फटका तिथे बसतो आणि ऑनलाइन कॅल्क्युलेटर त्याबद्दल एका ओळीत विचारून मोकळे होतात.

जगातलं कुठलंही घर मोजतात. पुण्यातला फ्लॅट, साताऱ्याचं घर, अलिबागचं फार्महाऊस, सगळं. मोजत नाहीत ते: मोकळा प्लॉट, शेतजमीन, दुकान, गाळा, ऑफिस. म्हणजे सातबाऱ्यावर नाव आहे पण जमिनीवर राहण्याजोगं घर नाही, तर काळजी नाही. जमिनीवर घर असेल तर त्या घरातल्या तुमच्या हिश्श्याची किंमत काढावी लागेल.

किंमत म्हणजे खरेदीच्या दिवसाचा बाजारभाव, तुमच्या हिश्श्याचा. घेतलं तेव्हाची किंमत नाही, आणि कर्ज वजा करायचं नाही. कर्जाचे ३० लाख बाकी आहेत म्हणून फ्लॅटची किंमत कमी होत नाही. सीमा ४०,००० पाउंडांची. पाउंड ११० रुपये धरला तर ४४ लाख. प्रत्यक्षात कम्प्लिशनच्या दिवसाचा दर लावायचा.

तीन भावंडांत वडिलांचा फ्लॅट सारखा वाटला गेला असं समजू. फ्लॅट १ कोटी २० लाखांचा असेल तर हिस्सा ४० लाख, ११० च्या दराने साधारण ३६,३६० पाउंड. मोजायचा नाही. तोच फ्लॅट दीड कोटीचा असेल तर हिस्सा ५० लाख, म्हणजे ४५,४५० च्या घरात. मोजला जातो. सीमेच्या आसपास असाल तर भारतातल्या नोंदणीकृत व्हॅल्युअरचा लेखी अहवाल कम्प्लिशनआधी काढून ठेवा. त्यात 'अविभाजित एकतृतीयांश हिश्श्याची किंमत' असं स्पष्ट लिहून घ्या. एकटा हिस्सा विकत घ्यायला सहसा कोणी येत नाही, त्यामुळे त्याची किंमत एकूण किमतीच्या सरळ तिसऱ्या भागापेक्षा कमी भरू शकते. पण ते व्हॅल्युअरने लिहावं, आपण अंदाजाने ठरवू नये.

वारशासाठी एक सवलत आहे. वारशाने मिळालेला हिस्सा अर्ध्यापेक्षा जास्त नसेल (नवरा-बायकोचा मिळून) आणि तो मिळून तीन वर्षं झाली नसतील, तर त्याची किंमत कितीही असो, मोजत नाहीत. तीन वर्षं उलटली की ४०,००० चा नियम लागू. घर घ्यायचं मनात असेल तर ही तारीख कॅलेंडरवर लिहून ठेवा.

---

मोगरा१२

आईवडिलांच्या फ्लॅटवर मुलाचं नाव 'सोयीसाठी' लावलेलं असतं, पैसे सगळे वडिलांचे. त्याचं काय?

---

खडीसाखर

एचएमआरसी (ब्रिटनचं करखातं) कागदावरच्या नावापेक्षा लाभाचा मालक कोण ते बघते. पैसे कोणी भरले, भाडं कोण घेतं, देखभाल आणि मालमत्ता कर कोण भरतं, विकलं तर रक्कम कोणाची. हे सगळं वडिलांचं असेल तर मुलगा नावापुरता आहे असं मांडता येतं. पण मांडायला कागद हवेत: करारनामा, वडिलांच्या खात्यातून बिल्डरला गेलेल्या रकमांचे उतारे, गृहकर्ज असेल तर हप्ते कोणाच्या खात्यातून गेले ते. मुलाने त्याच फ्लॅटवर गृहकर्जाची करसवलत घेतलेली असेल तर 'माझं काहीच नाही' म्हणणं अवघड होतं.

नाव काढूनच टाकायचं असेल तर काम कम्प्लिशनच्या आधी पूर्ण व्हायला हवं. बक्षीसपत्र किंवा हक्कसोडपत्र नोंदणीकृत हवं, साध्या कागदावरचं चालणार नाही. तुम्ही इथे आणि दस्त तिकडे असेल तर मुखत्यारपत्र लागतं. परदेशात सही केलेलं मुखत्यारपत्र भारतात पोचल्यापासून तीन महिन्यांत तिथला मुद्रांक भरून घ्यावा लागतो. टपाल, दुय्यम निबंधकाकडची तारीख, भावंडांच्या सह्या हे सगळं धरून दोन-तीन महिने हाताशी ठेवा. एक्स्चेंज (खरेदीचा करार बंधनकारक होणं) झाल्यावर धावाधाव सुरू केली तर बहुतेक वेळा पुरं होत नाही.

आणि हे दोन मार्ग काहीच कामाचे नाहीत: नवऱ्याच्या नावावरून बायकोच्या नावावर करणं (दोघे एकच धरले जातात) आणि अठरा वर्षांखालच्या मुलाच्या नावावर करणं (ते आईवडिलांचंच धरतात).

---

अबोली

जोडप्यातल्या एकानेच पूर्वी कधी घर घेतलेलं नाही. पहिल्या घराची सवलत त्याच्या एकट्याच्या नावावर मिळेल का?

---

कोयनाकाठ

पहिल्या घराची सवलत: १ एप्रिल २०२५ पासून ३,००,००० पर्यंत शून्य, तिथून ५,००,००० पर्यंत ५ टक्के. किंमत ५,००,००० च्या एक पाउंड वर गेली तरी सवलत पूर्ण जाते. ४,५०,००० च्या घरावर कर ७,५०० होतो, साध्या दरापेक्षा ५,००० कमी.

दोघांच्या नावावर घेतलं तर दोघेही पहिल्यांदा घेणारे हवेत. एकाच्याच नावावर घेतलं तर या सवलतीपुरतं त्या एकट्याकडे बघतात. जोडीदाराचं पूर्वी घर होतं पण आता नाही, तर अडचण नाही. जोडीदाराचं आजही घर आहे, इथे किंवा भारतात, ४०,००० च्या वरचं, तर जादा कर लागू होतो. आणि जादा कर लागला की ही सवलत मिळत नाही.

आणखी एक: 'पहिल्यांदा' याला ४०,००० ची सीमा नाही. भारतात वारशाने घराचा छोटासा हिस्सा मिळालेला असेल तरी तुम्ही पहिल्यांदा घेणारे राहत नाही. एकाच माणसाला त्याच हिश्श्यामुळे जादा कर लागत नाही पण सवलतही मिळत नाही, असं होऊ शकतं. दोन्ही गोष्टी वेगवेगळ्या तपासा.

---

ढगाआड

आता परताव्याबद्दल लिहा ना कोणीतरी. जुनं घर विकलं जाईपर्यंत नवं हातचं जातं, हा सगळ्यांचा प्रश्न असतो.

---

तिरकी_रेघ

नवं आधी घेतलं आणि जुनं राहतं घर अजून विकलेलं नाही, तर जादा कर कम्प्लिशनच्या वेळी भरावाच लागतो. 'विकणारच आहोत' म्हणून सूट नाही. कम्प्लिशननंतर १४ दिवसांत विवरणपत्र आणि पैसे दोन्ही पोचले पाहिजेत. उशीर झाला तर तीन महिन्यांपर्यंत १०० पाउंड, त्यानंतर २०० पाउंड दंड, शिवाय व्याज. सॉलिसिटर ही रक्कम आधीच आपल्या खात्यात मागून घेतो, म्हणून ४,५०,००० च्या घराला ठेवीशिवाय ३५,००० रोख तयार हवेत.

विवरणपत्राच्या पहिल्याच रकान्यात व्यवहाराचा प्रकार असतो: ०१ म्हणजे साधं घर, ०४ म्हणजे अतिरिक्त घर. भरण्याआधी सॉलिसिटरकडून प्रत मागवून हा आकडा स्वतः वाचा. तो तुमच्या सांगण्यावरच भरलेला असतो आणि जबाबदारी तुमची असते.

नंतर तीन वर्षांत जुनं घर विकलं की जादा भाग परत मिळतो. तारखांसह सांगतो. खरेदी २० जून २०२५ ला झाली. जुन्या घराची विक्री २० जून २०२८ पर्यंत पूर्ण व्हायला हवी. विक्री म्हणजे कम्प्लिशन, एक्स्चेंज नव्हे. समजा १० मार्च २०२६ ला विकलं. अर्जाची मुदत विक्रीपासून १२ महिने किंवा विवरणपत्र भरण्याच्या अंतिम तारखेपासून १२ महिने, यातलं जे नंतर येईल ते. इथे विवरणपत्राची अंतिम तारीख ४ जुलै २०२५ होती, त्यामुळे दुसरी तारीख ४ जुलै २०२६ येते. पहिली १० मार्च २०२७. नंतरची ती धरायची.

अर्ज ऑनलाइन होतो, टपालानेही होतो. हाताशी काय हवं: नव्या घराच्या विवरणपत्राचा यूटीआरएन (त्या व्यवहाराचा संदर्भ क्रमांक, अकरा अक्षरांचा, एचएमआरसीने दिलेल्या पावतीवर असतो), खरेदीची तारीख, भरलेली रक्कम, परत मागायची रक्कम, जुन्या घराचा पत्ता, विक्रीची तारीख, ते घेणाऱ्याचं नाव, आणि तुमचे बँक तपशील. जुन्या विक्रीचं कम्प्लिशन स्टेटमेंट जपून ठेवा. यासाठी टक्केवारी घेणाऱ्या एजंटची गरज नाही. पत्र पाठवून 'तुमचा परतावा मिळवून देतो' म्हणणारे बरेच असतात. अर्ज चुकला तर पैसे परत करायची वेळ तुमच्यावर येते, त्यांच्यावर नाही.

परतावा नाकारला जातो तो मुख्यतः या कारणाने: नव्या घराच्या खरेदीआधीच्या तीन वर्षांत जुनं घर कधीच तुमचं मुख्य राहतं घर नव्हतं. २०२१ मध्ये तिथून निघालात, भाडेकरू ठेवला, स्वतः दुसरीकडे भाड्याने राहिलात, २०२५ च्या शेवटी नवं घर घेतलं आणि मग जुना फ्लॅट विकला. परतावा नाही. तोच फ्लॅट खरेदीच्या आधी, अगदी त्याच दिवशी जरी विकला असता, तर हातात दुसरं घरच नसतं आणि जादा कर मुळात लागला नसता. अशा जोडप्यांनी भाडेकरूला नोटीस, विक्री आणि खरेदी हाच क्रम धरावा, मध्ये थोडे महिने भाड्याने राहावं लागलं तरी.

परताव्यातही दोघांच्या अटी वेगवेगळ्या तपासतात. वरच्या उदाहरणातल्या बिनाने रेडिंगचं घर घेईपर्यंत लीड्सलाच राहून नंतर तीन वर्षांत तो फ्लॅट विकला, तर तिची अट तिच्या घराने पुरी होते, अमितची त्याच्या घराने. रेडिंगचं घर ४,५०,००० चं धरलं तर मग २२,५०० परत.

---

मोगरा१२

लग्नानंतर जुन्याच घरावर जोडीदाराचं नाव लावायचं असेल तर कर लागतो का?

---

कोयनाकाठ

मॉर्गेज नसेल आणि पैसे दिले-घेतले नसतील तर नाही. मॉर्गेज असेल तर जोडीदार जितक्या कर्जाची जबाबदारी घेतो तितकी किंमत धरली जाते. ३,००,००० बाकी आहेत आणि अर्धं घर नावावर केलं, तर किंमत १,५०,०००. कर १,२५,००० च्या वरच्या २५,००० वर २ टक्के, म्हणजे ५०० पाउंड. एकत्र राहणाऱ्या नवरा-बायकोतल्या हस्तांतराला जादा कर नाही, २२ नोव्हेंबर २०१७ पासून. हेच लग्नाआधी केलं आणि नाव लागणाऱ्याचं दुसरं घर असेल, तर १,५०,००० वर आणखी ५ टक्के, म्हणजे ७,५०० जास्त. घाई नसेल तर लग्नानंतर करा.

---

अबोली

घटस्फोट चालू असणाऱ्यांसाठी: कोर्टाच्या हुकुमाने एकाकडून दुसऱ्याकडे घर गेलं तर त्यावर एसडीएलटी नाही. आणि कोर्टाच्या मालमत्ता आदेशामुळे जुन्या घरात तुमचा हिस्सा अडकून राहिला असेल, ते घर पूर्वीच्या जोडीदाराचं मुख्य राहतं घर असेल, तर तुम्ही नवं घेताना तो हिस्सा मोजत नाहीत. आदेशाशिवाय तोंडी ठरवून हिस्सा ठेवला तर ही सूट नाही. आदेश होईपर्यंत थांबणं जमत असेल तर थांबावं.

---

खडीसाखर

ढगाआड, तुमच्या पुणे-मँचेस्टर प्रश्नाचा उरलेला अर्धा भाग. एप्रिल २०२१ पासून अनिवासी खरेदीदारावर आणखी २ टक्के आहेत, ४,५०,००० वर ९,०००. इथे इमिग्रेशनचा दर्जा बघत नाहीत, खरेदीआधीच्या वर्षभरात १८३ दिवस इथे होतात का ते बघतात. दिवस मोजायचा तो मध्यरात्री तुम्ही देशात होतात का यावर. एकत्र धरल्या जाणाऱ्या नवरा-बायकोने दोघांच्या नावावर घेतलं आणि एकजण निवासी असेल, तर दुसराही निवासी मानतात. मात्र पुण्यातल्या नवऱ्याने एकट्याच्या नावावर घेतलं तर बायकोचा निवास कामाला येत नाही, २ टक्के लागतात.

लागलेच तर: खरेदीच्या आधीचं आणि नंतरचं वर्ष मिळून कुठल्याही सलग ३६५ दिवसांत १८३ दिवस भरले की परत मागता येतात, खरेदीपासून दोन वर्षांच्या आत. पासपोर्टचे शिक्के आता फारसे मिळत नाहीत, म्हणून बोर्डिंग पास आणि तिकिटं ठेवा.

---

ढगाआड

मोठी मदत झाली. एडिनबराला जाणाऱ्यांना हेच नियम समजायचे का?

---

तिरकी_रेघ

नाही. स्कॉटलंडचा जादा कर ५ डिसेंबर २०२४ पासून ८ टक्के आहे आणि परताव्याची मुदत ३६ महिन्यांची. त्याहून मोठा फरक असा, की तिथे लग्न न करता जोडीदारासारखे एकत्र राहणारेही एकच धरले जातात. इंग्लंडमध्ये लग्नाआधी एकट्याच्या नावावर घेण्याचा जो मार्ग वर लिहिला, तो एकत्र राहणाऱ्या जोडप्याला तिथे चालत नाही. तिकडचा सॉलिसिटर वेगळा बघा, आणि पहिल्याच ईमेलमध्ये दोघांच्या नावावरची सगळी घरं, भारतातल्या हिश्श्यांसकट, लिहून पाठवा.